ताप उतरला म्हणजे डेंग्यू गेला का?

कोथरूडला राहता, मुलाचा ताप चौथ्या दिवशी उतरला, आता निश्चिंत व्हायचं का असं विचारलंय तुम्ही. नाही हो, उलट आता जास्त लक्ष द्या. डेंग्यूत खरा धोका ताप उतरल्यानंतरच्या 24 ते 48 तासांत असतो, रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं आणि बीपी पडू शकतं. पोट खूप दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं, यातलं एक जरी दिसलं तरी मध्यरात्र असली तरी हॉस्पिटल गाठा. ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन अजिबात नको, रक्तस्राव वाढतो. लोक प्लेटलेटच्या आकड्यामागे धावतात आणि पपईच्या पानांचा रस पाजत बसतात, त्यापेक्षा ओआरएस, नारळपाणी, पेज घोट घोट पोटात जाऊ दे.

आणि घरातल्या बाकीच्यांसाठी, डेंग्यूचा डास नाल्यात नाही, घरातल्या साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो, आणि आजारी मुलाला चावलेला डास पुढे घरच्यांनाही डेंग्यू देऊ शकतो, म्हणून मुलाला दुपारीसुद्धा मच्छरदाणीतच झोपवा. फ्रिजच्या मागचा ट्रे आजच ओढून बघा, तो कोणीच बघत नाही, मग मनी प्लांटची बाटली, कुंडीखालची ताटली. नुसतं पाणी ओतून भागत नाही बरं का, अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात, त्यामुळे दर आठवड्याला काथ्याने घासायचंच. महापालिकेची धुराची गाडी येऊन गेली तरी हे करा, धुराने उडणारे डास मरतात, अळ्या नाही.