‘मॅडम, माझं बॉण्डचं वर्ष फुकट चाललंय’

एमबीबीएसच्या मुलांच्या बॉण्डच्या नेमणुका झाल्या की चार-सहा महिन्यांनी माझ्याकडे एकाच तऱ्हेचे फोन यायला लागतात. कधी मुलं स्वतः करतात, बऱ्याचदा आई करते. वाक्य ठरलेलं असतं, ‘वर्ष फुकट चाललंय.’ त्याच्यामागे आणखी एक वाक्य दडलेलं असतं आणि ते बाहेर यायला दोन-तीन भेटी जातात. ‘मला तिथं अजिबात आवडत नाही. म्हणजे मी डॉक्टर व्हायच्या लायकीचीच नाही का?’ हा लेख त्या दुसऱ्या वाक्यासाठी लिहितेय. ज्या मुलीबद्दल लिहिलंय तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ज्यांच्या घरात कुणी डॉक्टर नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपल्या राज्यात सरकारी आणि महापालिकेच्या मेडिकल कॉलेजांत शिकणाऱ्यांना शिक्षणानंतर एक वर्ष सरकारी सेवा करावी लागते. तसं बंधपत्र लिहून द्यावं लागतं, त्यालाच मुलं बॉण्ड म्हणतात. आधी साडेचार वर्षं अभ्यासक्रम, मग एक वर्ष इंटर्नशिप, आणि त्यावर हे वर्ष. या मुलीच्या बंधपत्रात सेवा न केल्यास १० लाख रुपये दंड होता. तिचे वडील एसटीत कंडक्टर. दंड भरण्याचा प्रश्नच नव्हता.

पण ती नाइलाजानं गेली नव्हती, हे आधी सांगायला हवं. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात नेमणूक झाली तेव्हा मैत्रिणी हळहळल्या, ही मात्र खूश होती. डॉ. हिंमतराव बावस्करांबद्दल तिनं कॉलेजात असताना वाचलं होतं. महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात काम करताना त्यांनी विंचूदंशावर संशोधन केलं, प्राझोसिन या औषधानं माणसं वाचतात हे दाखवलं आणि ते ‘लॅन्सेट’ या जगभर वाचल्या जाणाऱ्या वैद्यकीय नियतकालिकापर्यंत पोचवलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंगांचं गडचिरोलीतलं काम तिला तोंडपाठ होतं. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला त्यांचा नवजात बालकांच्या घरच्या घरी देखभालीचा अभ्यास तिनं सेमिनारमध्ये मांडला होता. या चित्रासकट ती तिथं उतरली.

तिथं डॉक्टरांची दोन पदं होती, त्यातलं एक रिकामं. म्हणजे ही एकटीच. सकाळी ओपीडीत ताप, खोकला, खरूज, अंगदुखी. दुपारनंतर अहवाल, ऑनलाइन नोंदी, व्हिडिओ कॉन्फरन्स, तालुक्याला मीटिंग. अधूनमधून शवविच्छेदन. बाळंतपणं व्हायची, पण सोपी असली तर वर्षानुवर्षं तिथं असलेल्या सिस्टर बघता बघता करून टाकायच्या आणि अवघड दिसलं की पेशंट १०८नं पुढं पाठवायचा. ‘मॅडम, मी फक्त सह्या करते,’ ती म्हणाली. पेशंट पावरी या तिथल्या आदिवासी बोलीत बोलायचे, तिला ती समजत नव्हती, शिपाईमामा मध्ये बसून मराठीत सांगायचे. एका म्हाताऱ्या बाबांना तिनं नीट झोपवून तपासलं, छाती ऐकली, पोट बघितलं, पायावरची सूज दाबून पाहिली. बाबा उठले, बंडीची बटणं लावली आणि शिपाईमामांना विचारलं, ‘डॉक्टर कधी येणार?’

हे सांगताना ती पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसली होती, कारण रेंज तिथंच यायची. सांगितलं आणि हसली. मग बराच वेळ बोललीच नाही.

पगार काही महिने रखडलेला. बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नीट पीजीच्या, म्हणजे पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या, मॉक टेस्टचे मार्क आणि कोण कुठल्या ब्रँचला जाणार याच्या गप्पा. ही रात्री पुस्तक उघडायची आणि त्याच पानावर झोपून जायची. आणि मग तिनं ते वाक्य बोलून दाखवलं. ‘इथली माणसं गरोदर बाईला झोळीत घालून डोंगर उतरवतात आणि मी माझ्या पीजीचं रडतेय. किती स्वार्थी आहे मी!’

माझ्या अनुभवात या वर्षात मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान ही शरम करते. कंटाळा, एकटेपणा, रखडलेला पगार यांच्याशी मुलं झगडू शकतात. पण नाराज असणं हाच गुन्हा वाटायला लागला की ती बोलायचीच थांबतात, आणि न बोलल्यामुळे जे सहज सुटलं असतं तेही साचत जातं. या मुलीच्या क्वार्टरच्या दाराची कडी तुटलेली होती. रात्री ती टेबल दाराला लावून झोपायची. किती दिवस? आल्यापासून. कुणाला सांगितलं? कुणालाच नाही. का नाही सांगितलं, तर ‘एवढ्या तेवढ्यावरून तक्रार कशी करू, लोकांचे केवढे हाल आहेत.’ एकटी राहणारी तरुण मुलगी, रात्रीबेरात्री दार वाजणारी जागा, आणि कडी ही तिला एवढी तेवढी गोष्ट वाटत होती!

म्हणून मी सकारात्मक विचारांपासून सुरुवात केली नाही. ‘आज कशाबद्दल कृतज्ञ आहेस ते लिही’ असं या टप्प्यावर सांगितलं असतं तर ती शरम दुप्पट झाली असती. मी तिला म्हटलं, तुझी निराशा खरी आहे आणि तिथल्या माणसांचे हालही खरे आहेत. एकामुळे दुसरं खोटं पडत नाही. मग आम्ही तिच्या तक्रारी वेगवेगळ्या केल्या. कडी, पगार, दुसऱ्या डॉक्टरचं रिकामं पद हे व्यवस्थेचे दोष. ते तिनं मनाला लावून घ्यायचे नव्हते, कागदावर लिहून द्यायचे होते. पीजी एक वर्ष लांबणं हा तोटा. त्याचं वाईट वाटणारच, ते वाटू द्यायचं. आणि ‘मी बावस्करांसारखी नाही’ ही तिसरी गोष्ट. यावर आम्ही बरेच दिवस बोललो. मोठ्या माणसांच्या गोष्टीत पहिली सगळी वर्षं दोन ओळींत उरकलेली असतात. तिथल्या रोजच्या ओपीडीत किती खोकले आणि किती अहवाल होते, हे कुणी सांगत नाही. शिवाय ती माणसं तिथं राहिली. वर्षभरासाठी आलेल्या मुलीनं त्यांच्या उभ्या आयुष्याशी आपले सहा महिने ताडून बघणं हा स्वतःवर अन्याय होता.

हा भोग आपल्याच बॅचच्या नशिबी आलाय असंही तिला वाटायचं. मेक्सिकोत डॉक्टर होणाऱ्यांना १९३६ पासून असं सेवेचं वर्ष आहे आणि दक्षिण आफ्रिकेत १९९८ पासून, हे सांगितल्यावर तिला नवल वाटलं. त्यानं दुःख कमी झालं असं नाही, पण ‘माझंच काहीतरी चुकलं’ हा सूर जरा उतरला.

कडीचं सांगते. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी अर्ज, त्याची प्रत आपल्याकडे, प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख, एवढं मी तिला करायला लावलं. तो अर्ज पुढं सरकायच्या आधीच रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरदादांनी नवी कडी आणून बसवली आणि तिच्यावर रागावले, ‘ताई, आधी बोलायचं ना!’ पगारासाठी जिल्ह्यातल्या बाकीच्या बॉण्डच्या डॉक्टरांनी मिळून अर्ज दिला. एकट्यादुकट्यानं फोन करण्यापेक्षा हे बरं पडतं, असं मी नेहमीच सांगते. तोपर्यंत हे सगळे एकमेकांना ओळखतही नव्हते. आठवड्यातून एकदा फोनवर बोलायला लागले, ते मला पगारापेक्षा महत्त्वाचं वाटलं.

अभ्यासाचं दुखणं वेगळं होतं. ओपीडीत पेशंट समोर असताना खाली मोबाइलवर परीक्षेचे पर्यायी प्रश्न सोडवणं चालू. त्यामुळे ना अभ्यास होत होता ना पेशंट धड बघून होत होते, आणि रात्री दोन्हीची टोचणी. सकाळी ओपीडीच्या आधीचे दोन तास अभ्यासाचे आणि ओपीडीत मोबाइल ड्रॉवरमध्ये, असं तिनंच ठरवलं. अवघड गेलं, पण जमलं.

मग मी तिला एक प्रश्न दिला. दर रविवारी मला सांगायचं, या आठवड्यातला कुठला पेशंट नावानिशी आठवतो? पहिल्या रविवारी एकही नाही. पुढच्या एका रविवारी तिनं सांगितलं की एक मुलगी आहे, दहा-बारा वर्षांची, सारखी हातपाय दुखतात म्हणून येते, दरवेळी दुखण्याचं इंजेक्शन घेऊन जाते. आई म्हणते, हिची हाडंच दुखतात. सिस्टरांना विचारलं तर त्या म्हणाल्या, हिचं नाव जुन्या सिकलसेलच्या शिबिराच्या यादीत असेल बघा. सिकलसेल हा आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार, त्यात हातपाय असेच दुखतात. कपाटातून रजिस्टर निघालं. नाव होतं. रुग्ण म्हणून नोंद होती. पुढं काहीच झालेलं नव्हतं.

नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आहे. आई आणि वडील दोघंही वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसलेले पण आजार पुढच्या पिढीत देऊ शकणारे, असले तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण निघण्याची शक्यता चारात एक असते. २०२३च्या जुलैत केंद्र सरकारनं २०४७ पर्यंत सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं, त्यामुळे तपासण्या वाढल्या होत्या. पण तपासणी आणि उपचार यांच्यामध्ये ते रजिस्टर तसंच पडून होतं. तिनं त्या मुलीला जिल्हा रुग्णालयात पाठवलं, हायड्रॉक्सियुरिया हे त्यावरचं औषध सुरू झालं. मग उरलेली यादी काढली आणि आशाताईंबरोबर बसून पाड्यांप्रमाणे लावली. अर्धी घरं बंद होती, कारण दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला गुजरातमध्ये जातात. आशाताई म्हणाल्या, होळीला सगळे येतील, होळी कुणी चुकवत नाही. मग होळीच्या आठवड्यात त्या दोघी पाडे फिरल्या. हे काम मी सुचवलेलं नव्हतं. मला सिकलसेलचं ते रजिस्टर कुठून माहीत असणार? मला एवढंच ठाऊक होतं की अख्खं वर्ष आपलंसं करणं कुणालाच झेपत नाही. एखादं काम आपलं म्हणून धरता येतं, आणि ते तिथं गेलेल्यालाच दिसतं.

आता ज्यांना वाटतं की तिचं मतपरिवर्तन झालं, त्यांच्यासाठी. तसं झालं नाही. रेंज शेवटपर्यंत टाकीवरच यायची. त्या वर्षीच्या नीट पीजीत तिला हवी तशी रँक आली नाही, पुढच्या वर्षी तिनं पुन्हा परीक्षा दिली आणि आता ती भूलशास्त्र शिकतेय. पुन्हा तीच नेमणूक मिळाली तर जाशील का, असं विचारलं तेव्हा ‘नाही’ म्हणाली, आणि त्या उत्तराची तिला शरम वाटली नाही. तिच्या जागी दुसरी मुलगी गेली. जाण्याआधी हिनं तिला पाड्यांची यादी दिली आणि कडी नवी आहे हेही सांगितलं.

माझं स्वतःचं मत विचाराल तर दरवर्षी बदलणाऱ्या बॉण्डच्या डॉक्टरांवर दुर्गम भागातला दवाखाना चालवणं गावकऱ्यांवरही अन्याय आहे. त्या म्हाताऱ्या बाबांना ही पोरगी डॉक्टर आहे हे उमजेपर्यंत ती निघून गेलेली असते. कायमची पदं भरली पाहिजेत, राहायला धड घर दिलं पाहिजे. पण याचा जाब बावीस-चोवीस वर्षांच्या मुलांच्या मनाला विचारू नये, एवढं मला कळतं.

आईवडिलांना विनंती, फोनवर ‘एकच वर्ष तर आहे, काढ की’ म्हणू नका. ‘आज जेवलीस काय, झोप लागते का, दार नीट लागतं का’ हे विचारा. उत्तरं टाळली जात असतील तर जाऊन बघा.

आणि मुलांनो, नाराजी आणि आजार यातला फरक तुम्ही पाठ केलेला आहे, तो स्वतःला लावून बघा. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, पेशंटसमोर हात थरथरत असतील, जगणं नकोसं वाटत असेल, तर तो बॉण्डचा प्रश्न राहिलेला नाही. रजा मागा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो, पैसे पडत नाहीत. मरण्याचे विचार येत असतील तर रविवारची, रजेची, कशाचीच वाट न बघता लगेच फोन करा आणि त्या रात्री कुणाला तरी सोबत बोलावून घ्या. औषधांचं कपाट हाताशी आहे म्हणून स्वतःच गोळ्या सुरू करू नका. तिथं डॉक्टर म्हणून नाही, पेशंट म्हणून बोला.