मानसिक आजाराचा मेडिक्लेम कंपनीनं नाकारला तर काय करता येतं?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. धाकट्या भावाचा बायपोलरचा (मन कधी फार चढतं, कधी फार खचतं तो आजार) त्रास वाढला, परळीहून लातूरला आणून दवाखान्यात शरीक केलं, आता कंपनी फोनवर म्हणते मेंटलला क्लेमच नसतो आणि पत्रात लिहिलंय की हे ओपीडीवर भागलं असतं, ऍडमिट करायची गरज नव्हती. मी लातूरलाच एका दवाखान्यात मेडिक्लेमचं टेबल बघतो, असली पत्रं आमच्याकडं नेहमीचीच आहेत, म्हणून जरा लांबण लावतो.

फोनवर कुणी काय बोललं ते सोडून द्या. मेंटलला क्लेम नसतो हे आता कायद्यात बसतच नाही. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चा, लागू झाला २९ मे २०१८ ला, त्याच्या कलम २१ मधे सरळ लिहिलंय की शरीराच्या आजाराला जसा विमा तसाच मनाच्या आजाराला द्यायचा. आयआरडीएआयनं, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, त्याच वर्षी ऑगस्टमधे कंपन्यांना पत्र काढलं, तरी काही जण ऐकेनात म्हणून २०२२ मधे परत बजावलं की ३१ ऑक्टोबरपर्यंत सगळ्या पॉलिसीत हे कव्हर आलंच पाहिजे. दिल्ली हायकोर्टानं तर २०२१ मधे अशाच एका नाकारलेल्या क्लेममधे कंपनीला पैसे द्यायला लावले. म्हणूनच बगा, जे तोंडानं बोलतात ते पत्रात लिहीत नाहीत. पत्रात दुसरंच कारण येतं आणि खरी लढाई त्या कारणाशी असते.

तुमच्या पत्रातलं कारण सगळ्यात जास्त वापरलं जाणारं आहे. निस्तं तपासणीसाठी किंवा देखरेखीसाठी भरती झालेला पेशंट पॉलिसीत बसत नाही, हे कलम जवळपास सगळ्या पॉलिसीत असतं, आणि आपल्याकडच्या डिस्चार्ज कार्डावर डॉक्टर घाईत 'ऑब्झर्वेशनसाठी दाखल' एवढंच लिहून मोकळे होतात. कंपनीला तेवढंच पुरतं. आता तुम्ही डॉक्टरांकडून लेटरहेडवर पत्र घ्या. त्यात भरतीच्या वेळी काय हालत होती ते लिहून मागा, म्हणजे किती दिवस झोप नव्हती, गोळ्या घेत होता का थुंकून टाकत होता, मारायला धावला का, स्वतःला इजा करायची भीती होती का, इंजेक्शन कुठली दिली. जे घडलं तेच, वाढवून काहीच नको, का की केसपेपरशी जुळलं नाही तर उलटं अंगलट येतं. आणि एक विचारा, भरती त्याच मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ८९ खाली झाली होती का. पेशंटची स्वतःची तयारी नसताना घरच्याच्या अर्जावर भरती करतात ती ही. एक मानसोपचारतज्ज्ञ धरून दोघांनी वेगवेगळं तपासून, जिवाला किंवा दुसऱ्याला धोका आहे नाहीतर स्वतःकडं बघायच्या अवस्थेत नाही, असं लिहून दिल्याशिवाय ती होतच नाही. ते कागद असतील तर ओपीडीत भागलं असतं या वाक्यात काही दमच राहत नाही.

दुसरी एक गोष्ट, तुम्ही विचारली नाही पण सांगतो. आपल्याकडं लोक काय म्हणतील म्हणून नातेवाईक हात जोडतात की डॉक्टरसाहेब, कार्डावर अशक्तपणा लिहा, पित्त लिहा, पोरीचं लग्न व्हायचंय. मला त्यांचा राग येत नाही, पण क्लेम तिथंच मरतो. पित्ताच्या पेशंटला मूड स्टॅबिलायझर (मनाचे चढउतार आवरणाऱ्या गोळ्या) कशाला, हे कंपनीचा डॉक्टर विचारणारच. आणि एजंट सांगतो ना, पॉलिसी घेतानाच्या फॉर्मवर जुन्या गोळ्यांचं लिहू नका, त्या एजंटला क्लेमच्या वेळी शोधून दाखवा. जुना आजार खरा लिहिला तर त्याच्या क्लेमसाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबायला लागतं, लपवला तर पॉलिसीच जाऊ शकते. पाच वर्षं सलग पॉलिसी चालली असेल तर मात्र फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनी लपवलं म्हणून नाकारू शकत नाही, तुमची किती जुनी आहे ते बघा.

दारूचा उल्लेख केसपेपरवर असेल तर अवघड आहे, खरं सांगतो. कायद्याच्या व्याख्येत व्यसनातून आलेला मानसिक त्रास येतो, पण पॉलिसीत व्यसनाचा उपचार वगळणारं कलम अजून आहे आणि कंपन्या त्यालाच धरून बसतात. अशा वेळी मूळ आजार बायपोलर आहे आणि उपचार त्याचाच झाला हे डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलेलं लागतं.

दवाखान्याची हॉस्पिटल म्हणून सरकारी नोंदणी नसेल तर खाटा पण मोजतात हे कंपनीवाले. दहा लाख लोकवस्तीच्या आतल्या गावात दहा खाटा चालतात, वरच्या शहरात पंधरा, म्हणजे लातूरला जो दवाखाना बसतो तो संभाजीनगरला बसेलच असं नाही. आणि मानसिक आरोग्य कायद्याखालची नोंदणी आहे का ते सर्टिफिकेट मागून ठेवा.

आता रस्ता. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेल करा, फोन नाही, आणि नेमकं कुठल्या कलमाखाली नाकारलं ते लेखी मागा. सोबत डॉक्टरांचं पत्र, केसपेपर, पॉलिसीची प्रत. तीच तक्रार आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर पण टाका, नाही जमलं तर १५५२५५ ला फोन लावा. महिना उलटला किंवा परत नकार आला की विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निकाल देणारा अधिकारी. मराठवाडा पुण्याच्या लोकपालाकडं येतो. फी नाही, वकील तर चालतच नाही, तुम्ही स्वतः बोलायचं, व्हिडिओवर सुनावणी होते म्हणून पुण्याला जायचंच असं पण नाही. ५० लाखापर्यंतचं प्रकरण घेतात, पण नकारापासून वर्षाच्या आत जायला लागतं. निकाल कंपनीवर बंधनकारक असतो, तुम्हाला पटला नाही तर तुम्ही जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाऊ शकता. क्रम उलटा करू नका, का की ग्राहक आयोगात केस चालू असली की लोकपाल प्रकरण घेत नाही.

आणि डिस्चार्जनंतरच्या गोळ्यांच्या, फॉलोअपच्या पावत्या सांभाळून ठेवा. बऱ्याच पॉलिसीत भरतीच्या आधीचे तीस आणि नंतरचे साठ दिवस धरतात, मुख्य क्लेम पास झाला की तो खर्च पण मागता येतो, आणि मानसिक आजारात कुणी तो मागायलाच येत नाही.