पित्ताशयातले खडे टाळायचेत? कॅप्सूलच्या आधी सोनोग्राफी

ताई, आईचं पित्ताशय खड्यांमुळे काढावं लागलं, तुम्ही स्वतः कडक डाएट सुरू केलंय आणि खडे होऊ नयेत म्हणून हळदीच्या कॅप्सूल घ्याव्यात की मिल्क थिसल (यकृतासाठी म्हणून विकली जाणारी एक वनस्पती), असं तुम्ही विचारलंय. माझं ऐका, काहीही घेण्याआधी पोटाची सोनोग्राफी करून घ्या.

यकृतात तयार झालेलं पित्त पित्ताशयात साठतं, घट्ट होतं आणि जेवणातलं तेल-तूप आतड्यात उतरलं की पिशवी आवळून ते बाहेर ढकलते. पित्तात कोलेस्टेरॉल वाढलं आणि पिशवी वेळच्या वेळी रिकामी झाली नाही, तर आधी गाळ साचतो, मग खडा होतो. हळदीतल्या करक्युमिनने ही पिशवी आवळली जाते. निरोगी माणसांना फक्त 20 मिलिग्रॅम देऊन सोनोग्राफीत हे पाहिलेलं आहे. पण आत आधीच खडा असेल, तर पिशवी आवळताना तोच नळीच्या तोंडाशी जाऊन अडकू शकतो. डँडेलियन आणि आर्टिचोक या वनस्पतींच्या कॅप्सूलचंही तेच. आणि खडे असलेल्या बहुतेकांना काहीच त्रास नसतो, त्यामुळे 'मला कुठे दुखतंय' यावर जाऊ नका. शिवाय हळदीच्या तीव्र अर्काने, विशेषतः मिरीच्या अर्काबरोबर, काहींच्या यकृताला सूज आलेली आहे. स्वयंपाकातल्या हळदीची गोष्ट वेगळी, ती खुशाल खा.

मिल्क थिसलने खडे टळतात याला भक्कम पुरावा नाही. मुतखड्यावरचे काढे इथे लागू पडत नाहीत, ते खडेच वेगळ्या घडणीचे.

खडे पाडायला म्हणून ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिण्याचं 'लिव्हर फ्लश' तर करूच नका. मी केलंय. सकाळी शौचातून हिरवट गोळे पडले, खडेच पडले असं वाटून मी हरखून ते बाटलीत जपून ठेवले. दोन दिवसांनी एक चिमटीत दाबला, तर साबणासारखा पसरला! तो साबणच होता, तेलाचा पोटात झालेला. 2005 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अशाच गोळ्यांची तपासणी छापून आली होती. 40 अंशांवर ते दहा मिनिटांत वितळले. माझा 11 मिलिमीटरचा खडा पुढच्या सोनोग्राफीत जागच्या जागी होता.

कॉफी पीत असाल तर सोडू नका. 1999 च्या एका मोठ्या अमेरिकन पाहणीत रोज दोन-तीन कप पिणाऱ्या पुरुषांना खड्यांचा त्रास सुमारे 40 टक्के कमी झालेला दिसला. 'क' जीवनसत्त्व फळांतून घ्या. मोठ्या डोसच्या गोळ्यांनी मुतखडा होऊ शकतो.

पण मला खरी काळजी तुमच्या डाएटची वाटते. आठवड्याला दीड किलोहून जास्त वजन उतरू लागलं की खड्यांचा धोका झपाट्याने वाढतो. यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं आणि तेल-तूप बंद असल्याने पिशवी नुसतीच भरून राहते. माझं नेमकं हेच झालं होतं, दोन महिन्यांत चौदा किलो. तेव्हा वजन सावकाश उतरवा, जेवण चुकवू नका, एका जेवणात तरी थोडं तेल किंवा मूठभर सुकामेवा असू द्या. वजन झटपट उतरवणं भागच असेल तर डॉक्टरांना अर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिड या औषधाबद्दल विचारा. अशा काळात खडे टाळायला ते खरंच उपयोगी पडतं.

सोनोग्राफीला सहा-आठ तास उपाशी जा, म्हणजे पित्ताशय भरलेलं असतं आणि नीट दिसतं. मध्येच उजव्या बरगडीखाली कळ येऊन तासन्‌तास थांबली नाही, ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले, तर तारखेची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा. रिपोर्ट आला की इथे लिहा, मी बघते.