भूल दिल्यावर माणूस झोपतो का?

तुम्ही विचारलंय, "आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. ती म्हणते, भूल म्हणजे गाढ झोपच. खरं का?" मी भूलतज्ज्ञ आहे. हा प्रश्न ऑपरेशन टेबलावर आडवे झालेले पेशंटही मला विचारतात.

आईचं म्हणणं निम्मं खरं आहे. मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये व्हीएलपीओ नावाचा पेशींचा एक छोटा पुंजका असतो. झोप लागते तेव्हा या पेशी कामाला लागतात आणि आपल्याला जागं ठेवणाऱ्या केंद्रांना गप्प करतात. आयसोफ्लुरेन हा भुलीचा वायू नेमक्या याच पेशींना चेतवतो, हे २०१२ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं. त्या पेशी नष्ट केल्यावर सुरुवातीला उंदरांना भूल सहज चढेना. पण बरेच दिवस अपुऱ्या झोपेत गेल्यावर असे उंदीर उलट कमी वायूनेही आडवे होऊ लागले! साठलेली झोपेची उणीवच भुलीच्या मदतीला आली होती. हे वाचलं तेव्हा मी थक्क झाले होते.

पण वायू तेवढ्यावर थांबत नाही. मेंदूभर आणि मज्जारज्जूतही तो चेतापेशींना शांत करणाऱ्या गाबा रिसेप्टरचा जोर वाढवतो, त्यांना मंदावणाऱ्या पोटॅशियमच्या वाहिन्या उघडतो. म्हणून झोपलेला माणूस चिमट्याने उठतो, भुलीतला सुरी लागली तरी उठत नाही. झोपेत साधारण दर ९० मिनिटांनी स्वप्नांची फेरी येते, भुलीत तशा फेऱ्या नसतात. भूल फार खोल गेली तर ईईजीची, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरींच्या आलेखाची, रेघ मधूनमधून सपाट होते. निरोगी माणसाच्या झोपेत असं होत नाही.

भूल उतरण्याची वाटही वेगळी आहे. जागं ठेवणाऱ्या ओरेक्सिन पेशी नसलेले उंदीर इतरांइतक्याच वेळात बेशुद्ध झाले, शुद्धीवर यायला मात्र त्यांना जास्त वेळ लागला. माझे पेशंट डोळे उघडल्या उघडल्या विचारतात, "सुरू कधी करणार?" तोवर टाकेही घालून झालेले असतात. रात्रभर झोपलेल्या माणसाला वेळ गेल्याचं कळतं, यांना अजिबात नाही.

आईंना बहुधा आधी शिरेतून औषध देतील, वायू त्यानंतर. त्या जोरात घोरत असतील, झोपेत श्वास अडकत असेल, तर तपासणीच्या वेळीच भूलतज्ज्ञांना सांगा. झोपेत ढिले पडणारे घशाचे स्नायू भुलीत आणखी ढिले पडतात, आणि भूल उतरतानाही आम्हाला अशा पेशंटच्या श्वासावर जास्त वेळ लक्ष ठेवावं लागतं.