प्रोजेक्ट उघडला, पण आवाजच नाहीत

प्रश्न : ताई नमस्कार, मी मिरजेत गाण्याच्या बैठका रेकॉर्ड करतो, लॅपटॉपवर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आहे, सोळा ट्रॅक लागतात. डिस्क फुल झाली म्हणून प्रोजेक्टचे सगळे फोल्डर एक्स्टर्नल ड्राइव्हवर टाकले. आता तिकडून उघडलं की दोन बैठकांमध्ये फाइल सापडत नाही असं येतंय, ट्रॅक नुसते रिकामे. लॅपटॉपवरचं अजून काही डिलीट केलेलं नाही. काय झालं असेल, आणि सगळं नीट ठेवायचं कसं?

उत्तर : डिलीट केलं नाहीत हे फार बरं झालं, आत्ता लगेच काही पुसूही नका. प्रोजेक्टच्या फाइलमध्ये आवाज नसतोच हो, आवाज कुठे ठेवलाय त्याचा फक्त पत्ता असतो. ती आरपीपी फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा, साधा मजकूर दिसेल, त्यात प्रत्येक वेव्ह फाइलचं, म्हणजे आवाजाच्या फाइलचं, नाव किंवा पूर्ण पाथ लिहिलेला असतो. माझा अंदाज असा की त्या दोन बैठकांना गडबडीत प्रोजेक्ट सेव्ह न करताच रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं. तसं झालं की रीपर आवाज डॉक्युमेंट्समधल्या ‘रीपर मीडिया’ फोल्डरमध्ये टाकतं, तुम्ही वेगळं काही सेट केलं नसेल तर. तिथे बघा, बहुतेक सापडतील. मग लॅपटॉपवरच तो प्रोजेक्ट उघडायचा, ‘सेव्ह प्रोजेक्ट ॲज’ करताना मीडिया कॉपी करायच्या ऑप्शनवर टिक करायची आणि जागा ड्राइव्हवरची द्यायची, म्हणजे सगळं एका फोल्डरमध्ये येतं. पुढच्या वेळी तंबोरे लागत असतानाच नाव देऊन सेव्ह करून टाका.

आता जागेचं. 24 बिट, 48 किलोहर्ट्झ या रेकॉर्डिंग सेटिंगला एक मोनो ट्रॅक तासाला साधारण 520 एमबी खातो, सोळा ट्रॅकचे सव्वाआठ जीबी, म्हणजे तीन तासांची बैठक 25 जीबीला गेली. 96 ला केलंत तर बरोबर दुप्पट, माझ्या मते बैठकीला 48 पुरतं. रेकॉर्डिंग लॅपटॉपच्या एसएसडीवर करा आणि घरी आल्यावर, झोपायच्या आधी, दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर कॉपी लावा. एक ड्राइव्ह घरात, दुसरी भावाकडे किंवा मित्राकडे, एकाच कपाटात दोन्ही ठेवल्या तर पाणी शिरलं की दोन्ही गेल्या. आणि कॉपी झाली असं प्रोग्रेस बार संपला म्हणून धरू नका, ड्राइव्ह दुसऱ्या कंप्युटरला लावून प्रोजेक्ट उघडा, मधूनच कुठूनतरी दोन मिनिटं ऐका, मगच लॅपटॉपवरचं काढा.

हे इतकं सांगतेय कारण माझ्या आत्याच्या जात्यावरच्या ओव्या मी एकाच ड्राइव्हवर ठेवल्या होत्या. ड्राइव्ह चालू असताना टेबलावरून पडली, नुसती टकटक करायला लागली आणि परत कधी उघडलीच नाही. दोन ओव्यांच्या मध्ये तिच्या बांगड्या वाजायच्या, तेसुद्धा त्यात आलं होतं. आत्या आता नाही.

जुन्या बैठकांचे 24 बिटचे ट्रॅक फ्लॅक या फॉरमॅटमध्ये करून ठेवा, जागा बरीच वाचते, पुष्कळदा निम्म्याच्या आसपास, आणि आवाजातलं काहीही जात नाही. एमपीथ्री मात्र फक्त ऐकायला, साठवायला नाही. रीपीक्स फाइल बिनधास्त उडवा, त्या नुसत्या वेव्हफॉर्मच्या चित्रासाठी असतात, परत तयार होतात. पण न वापरलेले टेक, म्हणजे रेकॉर्डिंगचे तुकडे, लगेच काढू नका, वयस्कर गवयांचे तर अजिबातच नाही, गाणं सुरू व्हायच्या आधी ते शिष्याला काय सांगत होते ते पुढे कुणाला तरी हवं असतं.

प्रश्न : सप्ताहातल्या काल्याच्या कीर्तनाचं रेकॉर्डिंग झिप केलं, 6 जीबी झालं. पेनड्राइव्ह 32 जीबीचा, पूर्ण रिकामा, तरी घेत नाही.

उत्तर : पेनड्राइव्ह फॅट32 मध्ये फॉरमॅट केलेला असणार, त्यात एक फाइल 4 जीबीच्या वर बसतच नाही, जागा कितीही असू दे. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, पण त्याने आतलं सगळं पुसलं जातं म्हणून आधी एकदा बघून घ्या. आणि वेव्हच्या फाइल झिप करून फारशा लहान होत नाहीत, त्यामुळे झिप न करता फोल्डर तसाच टाकलात तरी चालेल, फक्त त्यातली एखादी फाइल 4 जीबीच्या वरची नसावी.