"ए जरा बघ ना" म्हणणाऱ्यांना काय सांगू?

तुझं पत्र दोनदा वाचलं गं. टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात चार वर्षं झाली, एक्सेल सगळ्यात चांगलं तुला येतं म्हणून दिवसभर "ए जरा बघ ना" चालू, आणि तुझ्या स्वतःच्या क्लायंटचं 3बी, म्हणजे महिन्याचं जीएसटी रिटर्न, दर महिन्याला 20 तारखेच्या रात्रीपर्यंत लटकलेलं. गेल्या महिन्यात दोघांचं राहिलंच, सरांनी सगळ्यांसमोर झापलं, आणि ज्यांच्या शीट तू नीट करून दिल्यास ते सहालाच घरी गेलेले. वाचून जीव तुटला.

मदत करणं सोडू नकोस. तुला एका सीनियर मॅडमनी टॅली शिकवलं ते तू अजून विसरली नाहीस, मला फार आवडलं ते. पण तू लिहिलंयस "मी पटकन करून देते", तिथेच गडबड आहे. व्हीलुकअपला, म्हणजे दुसऱ्या यादीतून माहिती शोधून आणणाऱ्या फॉर्म्युल्याला, एन/ए (सापडलं नाही) येतंय कारण जीएसटी नंबरच्या मागे एक स्पेस राहिलीये, तू माऊस घेतेस, जादा स्पेस काढणारं ट्रिम लावतेस, झालं, आणि तेवढ्यात तो चहा पिऊन येतो. पुढच्या महिन्यात तोच एन/ए आणि परत तूच. यापुढे माऊसला हात लावायचा नाही. बाजूला उभी राहा, त्याच्याच हातून करून घे, पहिल्यांदा वीस मिनिटं जातील, जाऊ देत.

आणि 2बी, म्हणजे क्लायंटच्या खरेदीवरच्या जीएसटीचं पोर्टलवरचं स्टेटमेंट, येतं 14 ला, 3बी ची मुदत 20 ची, म्हणजे ते बिलांशी जुळवायला हातात सहाच दिवस, त्यात एखादा रविवार. त्या दिवसांत जेवणाच्या सुट्टीपर्यंत फक्त तुझे क्लायंट. कोणी आलं तर "तीननंतर येते, तोवर काय एरर येतोय त्याचा फोटो पाठवून ठेव" एवढंच म्हण, बरेचजण तोवर आपलं आपण सोडवतात, खरंच. कुणाचं टॅक्स भरायचं चलन अडकलंय आणि आजच शेवटची तारीख असेल तर मात्र उठ.

सरांशी पण बोल, त्यांना बहुतेक हे दिसतच नाहीये. आठवडाभर डायरीत लिहून ठेव कोणाचं काय आणि किती वेळ बघितलंस, आणि ते पान समोर ठेवून विचार की हे शिकवायचं काम माझ्याकडेच ठेवायचं असेल तर माझे चार क्लायंट दुसऱ्याला द्याल का. लेट फी दिवसाला 50 रुपये, वर व्याज, आणि क्लायंट जाब त्यांनाच विचारतो, ऐकतील ते.

आगाऊ म्हणतील अशी भीती वाटते ना, म्हणेल एखादा, दोन दिवस तोंड पाडून बसेल. येत्या 14 पासून सुरू कर, आणि 20 ला किती वाजता घरी पोचलीस ते मला नक्की कळव.