‘मोबाईलवर बोललेलं घरी कळलं तर?’

“ताई, हे माझ्या आत्याबाईंना कळणार नाही ना?” किनवट तालुक्यातल्या एका पोडावरच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरच्या, बाळंतिणीनं आशाताईला विचारलेला हा प्रश्न. आत्याबाई म्हणजे सासू. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. भीती मात्र जवळजवळ प्रत्येक पोडावर, तांड्यावर हीच असते.

लेकरू चार महिन्यांचं. बाळ झोपलं तरी हिला झोप नाही, अन्नावरची वासना गेलेली. भगताकडे नेऊन झालं होतं. नांदेडला जायचं तर अख्खा दिवस मोडतो, नवऱ्याचा रोज बुडतो. म्हणून मानसिक आरोग्याच्या समुपदेशनासाठी व्हिडिओ कॉल ठरला.

पहिला कॉल वाया गेला. तो घरातूनच लावलेला. कुडाची एकच खोली, फोन दिराचा, आवाज स्पीकरवर, आणि कोलामीतून मराठी सांगायला नणंद. बाळंतीण बराच वेळ काहीतरी बोलली, नणंदेनं एवढंच सांगितलं, “झोप येत नाही म्हणते.” अशा वेळी नोंदवहीत ‘बोलत नाही’ असा शेरा पडतो, तो चूक आहे. कुडाला कान असतात म्हणून बाई मनातलं सांगत नाही.

दुसरा कॉल आठवडी बाजाराच्या दिवशी, उपकेंद्रातून. बाजाराला सगळेच जातात, त्यामुळे ‘कुठं निघालीस’ असं कुणी विचारत नाही. वायरचा इअरफोन, एक कान तिला, एक दुभाषी बाईला. ही बाई दुसऱ्या पोडावरची, नात्यातली नाही, आणि कॅमेऱ्यात दिसेल अशीच बसवलेली. तिला आधी बजावलं होतं : ‘ती म्हणते’ नको, ‘मला असं होतं’ असंच सांगायचं, थोडक्यात करायचं नाही. खिडकी पाठीमागे नको, चेहरा काळा दिसतो. फोन एकदा लांब धरून हातही पाहून घ्यायचे, कारण थरथर चेहऱ्यावर दिसत नाही. कुणी आत आलं तर तिनं “बाळ उठलं” म्हणायचं, की लगेच विषय लसीकरणावर.

तिच्या प्रश्नाचं उत्तर गोड करून दिलं नाही. रेकॉर्डिंग होत नाही, तुझं बोलणं फोनमध्ये उरत नाही, घरी कुणी सांगणार नाही. पण तुझ्या किंवा बाळाच्या जिवाला धोका वाटला, तर आधी तुला सांगून एका माणसाला सांगू. तो माणूस तू निवड. तिनं नवऱ्याचं नाव घेतलं. ‘कुणालाच कधीच सांगणार नाही’ असं वचन देऊ नये. ते मोडावं लागलं तर ती बाई पुन्हा बोलत नाही.

नंतर नैराश्याची 9 प्रश्नांची चाचणी. तिच्यात ‘गेल्या दोन आठवड्यांत’ असं विचारतात. इथं ‘मागच्या दोन बाजारांपासून’ म्हटलं की दिवस नेमके आठवतात. बेरीज 27 पैकी 14 आली. 10 किंवा जास्त आली की डॉक्टरांशी गाठ घालून द्यायची. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तो गाळू नये, विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही. ती म्हणाली, “कधीकधी वाटतं, आपण नसावं.” ठरवलेलं काही नव्हतं, पण फवारणीचं औषध घरातच होतं. तिच्या संमतीनं नवऱ्याला सांगितलं; डबा त्याच संध्याकाळी शेजाऱ्यांकडे कुलपात गेला. ठरवून ठेवलेलं असतं, कानात आवाज येत असते किंवा बाळाला इजा करण्याचे विचार असते, तर कॉलवर थांबणं धोक्याचं होतं. तेव्हा गाडी करून दवाखानाच, वाटेत तिला एकटं न सोडता.

रेंज तुटणार हे धरूनच चालावं. तुटली तर 10 मिनिटांत साध्या फोनवर, आणि कोण लावणार ते आधीच ठरलेलं. मध्ये रात्री जीव घाबरला तर 14416, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा मोफत नंबर, मराठीत, चोवीस तास.

चौथ्या बाजाराला ती सासूला स्वतःहून घेऊन आली. सासूनं एवढंच विचारलं, “मी काय करू?” ठरलं ते असं : रात्री दहाला बाळाला पाजून झालं की त्याला सासूजवळ द्यायचं आणि सुनेला सलग चार तास झोपू द्यायचं.